परवडणारं घर नेमकं कोणाला परवडतं?

महागड्या शहरात घर शोधणाऱ्या कुठल्याही आईबापाला विचारा, प्रश्न ठरलेला असतो. "बजेटमध्ये बसेल आणि मुलांसाठी बरा असेल असा एरिया कुठला?" सल्ले देणारेही तयारच असतात. कोणी म्हणतं अजून दोन-तीन स्टेशनं पुढे जा, तेवढ्याच पैशात एक खोली जास्त मिळेल. कोणी म्हणतं नदीपलीकडे बघा, आत्ता तिथे काही नाहीये पण पाच वर्षांत बघाल कसं होतं ते. हे "पाच वर्षांत बघाल" प्रकरण मला तर फारच भारी वाटतं, कारण पाच वर्षांत तीनचं पोर आठचं होतं, म्हणजे ज्या वयात बाग आणि फुटपाथ सगळ्यात जास्त लागतो ते वय एरिया डेव्हलप व्हायची वाट बघण्यातच संपून जातं.

हे मी कोणाला नावं ठेवायला लिहीत नाहीये, मी स्वतः हेच केलंय. मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा मी घरासाठी चक्क एक्सेल शीट केली होती. भाडं, डिपॉझिट, चौरस फूट, मजला, पार्किंग, लिफ्ट, आणि शेवटी एक कॉलम "ऑफिसपासून अंतर". कोणाच्या ऑफिसपासून? माझ्या. बायकोच्या ऑफिसचा कॉलमच नव्हता, पाळणाघराचा नव्हता, डॉक्टरचा नव्हता, आणि गंमत म्हणजे हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. शीटने जो फ्लॅट जिंकवला तो शहराच्या पार टोकाला होता, तीन बेडरूम, आठवा मजला. एजंटने हॉलची खिडकी उघडली आणि खाली बोट दाखवून म्हणाला, बघा, समोरच बाग. खरंच होती समोर. फक्त बाग आणि आमची बिल्डिंग यांच्यामध्ये सहा लेनचा रस्ता होता, आणि पायी चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा राहायचा १८ सेकंद, मी नंतर मोबाईलवर लावून मोजलाय. बाबागाडी घेऊन १८ सेकंदात आपण मधल्या दुभाजकापर्यंत पोचतो. मग तिथे दीड फुटाच्या पट्टीवर बाबागाडी आडवी धरून उभं राहायचं, दोन्ही बाजूंनी ट्रक जातायत, आणि पुढच्या हिरव्याची वाट बघायची. त्या घरात आम्ही चार वर्षं राहिलो. बागेत किती वेळा गेलो ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. खिडकीतून मात्र रोज दिसायची, त्याबद्दल तक्रार नाही.

तर माझं म्हणणं असं आहे की "परवडणारं" हा शब्दच आपण चुकीचा मोजतो. घराचे पैसे मोजतो आणि त्या घरात राहून जो दिवस जगावा लागतो त्याचा खर्च हिशोबातच धरत नाही. आणि हे फक्त तुमच्या-माझ्यासारख्यांचं झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण धोरणं ठरवणारेही तसंच मोजतात, म्हणून हा नुसता घर शोधायचा प्रश्न उरत नाही, सार्वजनिक प्रश्न होतो.

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत घरखर्च बसला की घर परवडतं, हा नियम तुम्ही ऐकला असेल, बँकवाले सांगतात, आर्थिक सल्लागार सांगतात, जणू काही निसर्गनियमच आहे. तो आला कुठून? अमेरिकेत १९६९ मध्ये सरकारी घरांतल्या गरीब भाडेकरूंसाठी एक कायदा झाला, ब्रुक अमेंडमेंट, त्यात भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली. १९८१ मध्ये ती ३० टक्के केली, कारण सरकारला खर्च कमी करायचा होता. बस, एवढंच. सरकारी घरांसाठी ठरवलेला आकडा होता तो, पुढे सगळ्या जगाने मोजपट्टी म्हणून उचलला. त्यात प्रवास नाही, वेळ नाही, पाळणाघर नाही.

शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने मग साधी गोष्ट केली, घरखर्चात प्रवासखर्च मिळवला आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या आत बसतंय का ते बघितलं. नुसत्या घरखर्चाच्या हिशोबाने अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त वस्त्या सर्वसाधारण कुटुंबाला परवडणाऱ्या दिसत होत्या, प्रवास मिळवल्यावर त्या साधारण पाव हिश्शावर आल्या. म्हणजे बाकीच्या वस्त्या स्वस्त दिसत होत्या इतकंच, घरात वाचलेले पैसे गाडीच्या हप्त्यात आणि पेट्रोलमध्ये जात होते. आणि हा झाला फक्त पैशांचा हिशोब, तासांचा तर त्यात धरलेलाच नाही.

चेझारे मार्केटी नावाचे एक इटालियन भौतिकशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९४ मध्ये मांडलं की माणूस पायी चालो, घोड्यावर बसो नाहीतर कारमध्ये, रोजच्या जाण्यायेण्यात सरासरी तासभरच घालवतो. वाहन वेगवान झालं की माणूस वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. शहरं अशीच पसरली. आता सरासरी म्हटली की त्यात घराजवळ काम करणारेही आले, त्यामुळे ज्याला परवडणारं घर शोधत टोकाला जावं लागलंय त्याचा तास कधीच दोन-अडीचवर गेलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

पण माणूस हे कबूल का करतो? ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुत्झर या दोन स्विस अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या वर्षानुवर्षांच्या माहितीवरून हेच तपासलं. अर्थशास्त्राचं गणित म्हणतं की लांबचा प्रवास माणूस तेव्हाच पत्करेल जेव्हा मोठं घर किंवा जास्त पगार त्याची भरपाई करत असेल, म्हणजे शेवटी समाधान सारखंच यायला पाहिजे. तसं आलं नाही. प्रवास जितका लांब तितकं समाधान कमी, भरपाई काही होत नव्हती. मला यात जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. जास्तीची खोली पहिल्या दिवशी डोळ्यात भरते आणि तीन महिन्यांत तिची सवय होते, सहा महिन्यांत तिथे सूटकेसा, जुना पंखा आणि न वापरलेली सायकल येऊन बसते. प्रवासाची मात्र सवय होत नाही कारण तो रोज नवीन तऱ्हेने वाईट असतो, आज गाडी उशिरा, उद्या पाऊस, परवा अपघात. आणि घर बघायला आपण जातो कधी? रविवारी सकाळी अकरा वाजता! रविवारी अकरा वाजता कुठलंही शहर लहान असतं.

बरं, हा प्रवास घरात सगळे सारखा वाटून घेतात का? नाही. इथे मला आमच्याच घरातलं उदाहरण द्यावं लागेल.

मुलगी पहिलीत असताना एकदा सकाळी अकराच्या सुमारास शाळेतून फोन आला, ताप आहे, घेऊन जा. बायको त्या दिवशी गावाला, म्हणून मी निघालो. मला एक तास वीस मिनिटं लागली. पोचलो तेव्हा ती शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती, दप्तर मांडीवर, बूट जमिनीला टेकत नव्हते, डोळे लाल. माझ्याकडे बघून रडली वगैरे नाही, एवढंच म्हणाली, "बाबा, तू चालत आलास का?"

असे फोन वर्षातून आठ-दहा वेळा येतात, आणि त्यातले सात-आठ बायकोच घेत होती हे मला त्या दिवशी कळलं. पुढे तिने पूर्णवेळ नोकरी सोडून घराजवळ अर्ध्या दिवसाचं काम धरलं. कोणी तसं "ठरवलं" नव्हतं, ते होत गेलं, आणि लांबच्या एरियात राहणाऱ्या असंख्य घरांत ते असंच होत जातं. नंतर मी परत एकदा हिशोब केला. भाड्यात महिन्याला जे वाचत होतं त्याच्या दुपटीहून जास्त तिच्या पगारातून गेलं होतं. पुढे थांबलेली प्रमोशनं वेगळीच. स्वस्त घर होतं ना ते? होतं, शीटमध्ये.

व्हिएन्ना शहराने ही गोष्ट १९९० च्या दशकातच ओळखली होती. तिथल्या पालिकेत एफा काइल नावाच्या नगररचनाकार बाई होत्या, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक दिवसभरात कुठे कुठे आणि कसे जातात ते बघायला सुरुवात केली. पुरुषांचं चित्र बहुतेक सरळ, घर ते काम ते घर. बायकांचं चित्र म्हणजे साखळी, घर, पाळणाघर, काम, दुकान, डॉक्टर, म्हाताऱ्या आईकडे, परत पाळणाघर, घर, आणि त्यातलं बरंचसं पायी. शहराची वाहतूक मात्र पहिल्या चित्रासाठी बांधलेली. मग त्यांनी फ्राउएन-वेर्क-श्टाट नावाची वसाहत उभी केली, साडेतीनशेच्या वर घरं, डिझाइन करणाऱ्या सगळ्या बायका, आवारातच बालवाडी, डॉक्टर, आणि मजल्या-मजल्यावर बाबागाड्या ठेवायला जागा. बाबागाडीला जागा! ज्याने तिसऱ्या मजल्यावर एका हातात पोर, एका हातात सामान आणि पायाने बाबागाडी ढकलत लिफ्टचं दार अडवलंय त्यालाच या वाक्याची किंमत कळेल.

आता रस्त्याकडे येतो, कारण माझ्या मते एरिया निवडताना सगळ्यात कमी बघितली जाणारी आणि सगळ्यात जास्त भोगावी लागणारी गोष्ट हीच.

१९६० च्या दशकाच्या शेवटी डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. तिन्ही दिसायला बऱ्यापैकी सारखे, फरक रहदारीचा, एकावरून दिवसाला २,००० गाड्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र आणि सहा ओळखीचे शेजारी निघाले, जास्त रहदारीच्या रस्त्यावर मित्र एकसुद्धा पूर्ण नाही, ०.९. रहिवाशांना आपल्या घरचा भाग कुठपर्यंत वाटतो ते काढायला सांगितलं तर शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता धरला, गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी स्वतःची बिल्डिंग, कधीकधी तर फक्त स्वतःचा फ्लॅट. आपण मात्र "फॅमिली क्राउड आहे का" असं विचारतो. फॅमिली क्राउड सगळीकडेच असतो हो, रस्ता त्याला एकमेकांशी बोलू देतो का ते बघायचं असतं.

मुलांच्या बाबतीत तर हे फारच टोकाचं आहे. मेयर हिलमन हे ब्रिटिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इंग्लंडमधली मुलं तपासली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, १९९० मध्ये ९ टक्के. एकोणीस वर्षांत ८० चे ९! या काळात रस्त्यावरचे अपघात वाढलेच असतील असं आपल्याला वाटतं, पण मुलांचे रस्त्यावरचे मृत्यू उलट कमी झाले होते, आणि या संशोधकांचं म्हणणं असं की रस्ते सुरक्षित झाले म्हणून नाही, मुलं रस्त्यावरून काढून घेतली म्हणून कमी झाले. "सेफ एरिया" या शब्दाचा खरा अर्थ काय होऊन बसलाय ते इथे कळतं, मुलं दिसत नाहीत असा एरिया. आणि मूल एकटं जात नाही म्हणजे कोणीतरी त्याला नेतं, म्हणजे परत तेच, कोणाचे तरी तास.

त्यामुळे गेट आहे, सिक्युरिटी आहे, कॅमेरे आहेत, आत प्ले एरिया आहे, या जाहिरातींनी मी आता भुलत नाही. आतला प्ले एरिया पाच वर्षांपर्यंत ठीक, सहाव्या वर्षी पोराला गेटच्या बाहेर काय आहे ते बघायचं असतं, आणि बाहेर जर सहा लेन असतील तर त्या गेटमुळे फक्त आपल्याला बरं वाटतं.

शाळांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर सगळेच भरभरून बोलतात. चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीतलं घर महाग असतं हे खरंच आहे, सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये हद्दीच्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घरं मोजून दाखवलं की परीक्षेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेसाठी लोक घराला साधारण अडीच टक्के जास्त देतात. मात्र गुणांची रँकिंग म्हणजे बऱ्याचदा त्या शाळेत कोणाची मुलं जातात याची रँकिंग असते, शिकवतात कसं ते त्यातून फार कळत नाही. शाळेत जाऊन मधल्या सुट्टीत मैदानाजवळ पंधरा मिनिटं उभं राहिलं तर जास्त कळतं.

मग एरियाने फरक पडतो का नाही? पडतो, आणि इथे माझं स्वतःचं मत बदललंय. आधी मला वाटायचं घरचं वातावरण चांगलं असलं की झालं. अमेरिकेत १९९४ ते १९९८ मध्ये पाच शहरांत एक सरकारी प्रयोग झाला, गरीब वस्त्यांतल्या साडेचार हजारांहून जास्त कुटुंबांची लॉटरी काढून काहींना कमी गरिबीच्या भागात भाड्याने राहायला मदत दिली. राज चेट्टी, नॅथनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तपासली. तेराच्या आतल्या वयात जी मुलं अशी हलली त्यांची विशी-पंचविशीतली कमाई बाकीच्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेराच्या पुढे हललेल्यांना फायदा नाही, उलट थोडं नुकसानच, बहुधा शाळा आणि मित्र तुटल्यामुळे. म्हणजे भाग महत्त्वाचा आहे आणि त्याला वेळेचं बंधनही आहे, लवकर गेलात तर फायदा, सारखं हलवत राहिलात तर तोटा. हे कळल्यावर "आत्ता लांब राहू, पैसे साठवू, मूल मोठं झाल्यावर चांगल्या भागात जाऊ" हा प्लॅन बरोब्बर उलटा आहे हे लक्षात येतं, आणि तो तर जवळजवळ प्रत्येकाचा असतो.

मग निवडायचं कसं? माझी पद्धत आता अशी आहे की आधी नकाशावर घर शोधायचंच नाही, आधी आपल्या मंगळवारच्या जागा टाकायच्या. मंगळवार म्हणजे कुठलाही साधा, कंटाळवाणा दिवस. दोघांची कामं, शाळा, पाळणाघर किंवा आजी-आजोबा, डॉक्टर. मग ज्याला मुलाकडे पोचायला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्याचा वेळ आधी धरायचा, सरासरी काढायची नाही, कारण ताप आला की सरासरी धावत येत नाही. जे दोन-तीन भाग उरतील तिथे घर न बघता नुसतं जायचं, सकाळी आठला एकदा, रात्री नऊला एकदा, पाऊस असेल तर उत्तमच. स्टॉपवर उभं राहून किती बस भरून पुढे जातात ते मोजायचं. सिग्नल मोजायचा, हो, मी अजूनही मोजतो. आणि बघायचं की दहा-बारा वर्षांची मुलं मोठ्या माणसाशिवाय कुठे दिसतायत का. दिसली तर निम्मं काम झालं समजा, कारण त्या भागातल्या शंभर आयांनी तुमच्या आधी तपासणी करून ठेवलेली असते.

अशा भागात बहुतेक वेळा आपल्या बजेटमध्ये लहान आणि जुनं घर येतं. लिफ्ट नसेल, बाथरूमच्या टाइल्स बघवणार नाहीत. माझा सल्ला, घ्या. टाइल्स बदलता येतात, अंतर बदलता येत नाही. पण आधी भाड्याने राहा, निदान एक वर्ष, लगेच कर्ज काढून बसू नका. घर पाहावं बांधून म्हणतात खरं, पण भाग पाहावा राहून. आणि वीस मिनिटं वाचतायत म्हणून निम्मा पगार भाड्यात घालणंही नको, ते झालं नाकापेक्षा मोती जड.

आम्ही शेवटी मुलगी सात वर्षांची असताना हललो, तीन बेडरूमवरून दीड बेडरूमवर म्हणा, कारण दुसरी खोली म्हणजे झाकलेली बाल्कनी आहे. निम्मं सामान वाटून टाकलं. पहिले दोन महिने मी सारखा कुठेतरी आपटत होतो, आणि जागा कमी म्हणून भांडणंही झाली, ते लपवत नाही. आता ती नऊची आहे. मागच्या महिन्यात गणिताची वही आणायला एकटी कोपऱ्यापर्यंत गेली, दोन गल्ल्या, एकही मोठा रस्ता नाही. चौकटीची सांगितली होती, एकेरी घेऊन आली. परत पाठवली. परत गेली, आणि अर्ध्या तासाने आली कारण वाटेत कोणीतरी भेटलं होतं. बायको आता पुन्हा पूर्णवेळ काम करते.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की जरा डोकं लावून हिशोब केला की सुटला प्रश्न. तर नाही. आमचं जमलं कारण आम्हाला दोन पगार होते आणि ती जुनी बिल्डिंग आमच्या नजरेला इतरांआधी पडली. असे भाग मोजके असतात आणि जितक्या लोकांना ते कळतात तितके ते महाग होतात, आमच्या मागून आलेल्याला तेच घर आम्ही देतो त्यात मिळणार नाही, आणि आम्ही आलो म्हणून कोणीतरी तिथून बाहेर गेलं असेल हेही आहेच. म्हणजे हुशारीने निवड करा हा सल्ला एकेकट्या कुटुंबासाठी बरोबर आहे आणि सगळ्या शहरासाठी निरुपयोगी. जवळचे, चालता येणारे, शाळा-बाग असलेले भागच कमी असतील तर ते कोणाला मिळणार याची फक्त बोली लागते, आणि बोलीत मुलंबाळं असलेलं कुटुंब नेहमी मागे पडतं, कारण तेवढ्याच जागेसाठी कमावते तीन-चार जण एकत्र राहून जास्त भाडं देऊ शकतात. वर घरमालकाला मुलं नको असतात, भिंती खराब करतात म्हणे. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदाच केला की मुलं आहेत म्हणून घर नाकारता येणार नाही. असा कायदा करावा लागतो यातच आलं सगळं.

शहराला काय करता येतं याची उदाहरणं आहेत. व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर कर बसवला, ह्यूगो ब्राइटनर हे तेव्हा शहराचे अर्थखात्याचे प्रमुख, आणि कर असा की आलिशान घराला भरमसाट, साध्या घराला नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली. कार्ल-मार्क्स-होफ ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, किलोमीटरभर लांब इमारत, पण प्लॉटच्या पाचव्या हिश्शाहून कमी जागेवर बांधकाम, बाकी अंगण आणि बागा, आत बालवाड्या, धुलाईघरं, दवाखाना, वाचनालय. आजही त्या शहरातले निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, आणि उत्पन्नाची मर्यादा इतकी वर आहे की मध्यमवर्गही त्यात येतो, म्हणून ती "गरिबांची वस्ती" होत नाही. सिंगापूरमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत बहुतांश लोकसंख्या राहते, आणि तिथे २०१५ पासून आईवडिलांच्या जवळ जुना सरकारी फ्लॅट घेतला तर अनुदान मिळतं, "जवळ" म्हणजे आता चार किलोमीटरच्या आत असं लिहून ठेवलंय. आजी-आजोबा म्हणजे पायाभूत सुविधा आहेत हे ज्या सरकारला कळलं त्याला मी मानतो, बाकी तिथल्या कितीतरी गोष्टी मला पटत नाहीत. व्हँकूव्हरने २०१६ मध्ये नियम केला की झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं याचे नियम, बदलून घेणाऱ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये ३५ टक्के घरं कुटुंबाला पुरतील अशी हवीत, त्यात तीन बेडरूमचीही ठरावीक. यावर बिल्डर म्हणतात मोठी घरं खपत नाहीत. टोकाला तीन बेडरूम खपतात आणि मध्यात खपत नाहीत, असं कसं? खपतात, फक्त एकाच्या जागी एका खोलीचे दोन स्टुडिओ फ्लॅट विकले तर नफा जास्त.

आणि सगळंच काही अब्जावधींचं काम नसतं. ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो फान आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ ते १९७८ या काळात सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या, कुठे पडीक प्लॉट, कुठे दोन घरांमधली मोकळी जागा, कुठे रुंद फुटपाथचा कोपरा. वाळूचा हौद, उड्या मारायला दगड, लोखंडी कमानी, झाडं. कुंपण बहुतेक ठिकाणी नाही. माझ्या १८ सेकंदांच्या सिग्नलचे ४० करायला तर एक बटण दाबावं लागलं असतं कुठेतरी, मी दोन अर्ज दिले होते, उत्तर आलं की त्याने वाहतुकीचा वेग कमी होईल. बरोबर आहे, होईल. कोणाचा वेग मोजायचा हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

याला हमखास येणारा एक आक्षेप आहे आणि तो अगदीच खोटा नाही, की लोकांना मोकळी हवा आणि मोठं घरच हवं असतं, तुम्ही कशाला सगळ्यांना मध्यात कोंबताय. ज्याला खरंच लांब राहायला आवडतं, ज्याचं काम घरून चालतं, ज्याचे सगळे नातेवाईक तिकडेच आहेत, त्याने जरूर राहावं, त्याचा मंगळवार वेगळा आहे. माझा वाद त्याच्याशी नाही. माझा वाद त्या दुसऱ्या आक्षेपाशी आहे जो लोक जरा हळू आवाजात घेतात, की शहराच्या मध्यात राहणं हा काही हक्क नाही, ज्याला परवडत नाही त्याने लांब जावं. ठीक आहे, जाऊ दे लांब. पण मग त्याच मध्यातल्या शाळा झाडणारी, हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करणारी, तुमच्या मुलांच्या पाळणाघरात मुलं सांभाळणारी माणसं लांबूनच येणार आहेत, आणि त्यांनाही मुलं आहेत. पहाटे सहाची पहिली बस चालवणारा ड्रायव्हर डेपोत पाचला हजर असतो, घरून तो साडेतीनला निघालेला असतो. त्याच्या पोरांना सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, शाळेतून ताप आल्याचा फोन आला तर तो कोण घेतं, हे "लांब जावं" म्हणणाऱ्याने त्याच बसमध्ये चढताना एकदा त्याला विचारून बघावं.